वीस कपड्यांचा संसार

एक साधा प्रश्न. आत्ता या क्षणी तुमच्या कपाटात किती कपडे आहेत? ‘बरेच’ हे उत्तर चालणार नाही, आकडा हवा. नाही ना सांगता येत?

मला येतो. वीस. आतले कपडे, रात्रीचे कपडे आणि चपला-बूट सोडून बरोब्बर वीस. गेली सहा वर्षं या विसांवर मी नागपूर, पुणे, मुंबई आणि हैदराबाद केलं आणि आता सहा महिन्यांच्या एका डॉक्युमेंटेशनच्या कामासाठी वर्ध्यात येऊन पडले आहे. फ्रीलान्स पत्रकाराचं असंच असतं. सोमवारी फोन येतो, बुधवारी जॉइन व्हायचं असतं. अशा वेळी टेम्पोवाल्याशी घासाघीस करत बसलात की काम दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात पडलेलं असतं. माझ्या शिफ्टिंगला टेम्पो लागत नाही, ऑटो लागतो. एक बॅग, एक सॅक, एक बादली. (बादली का, असं विचारू नका. पीजीत राहिलेल्यांना कळेल!)

‘अय्या, म्हणजे तुझा कॅप्सूल वॉर्डरोब आहे!’ असं मैत्रिणी म्हणतात. शब्द भारी आहे. लंडनमध्ये बुटिक चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी तो १९७० च्या दशकात रुळवला आणि न्यूयॉर्कच्या डोना कॅरन या डिझायनरने १९८५ साली ‘सेव्हन इझी पीसेस’ नावाचं कलेक्शन आणून तो ऑफिसला जाणाऱ्या बायकांपर्यंत पोचवला. फंडा असा की थोडेच कपडे घ्या, पण असे घ्या की त्यातलं काहीही कशावरही जाईल. आयडिया सॉलिड आहे, वाद नाही. गडबड होते ती यादीत. इंटरनेटवर कुठेही बघा, यादी तीच. पांढरा शर्ट, काळी ट्राउझर, काळा ब्लेझर, काश्मिरी लोकरीचा स्वेटर आणि बेज रंगाचा ट्रेंच कोट.

ट्रेंच कोट! मी मूळची हिंगणघाटची. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी एक वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तिथे ट्रेंच कोट घालून निघाले तर लोक आधी डॉक्टरकडे नेतील, मग माझ्या घरी फोन करतील.

थोडक्यात, यादी उसनी घेता येत नाही, आपली आपणच करावी लागते. माझी कशी झाली, ते सांगते.

आबांची दोन बोटं

आमच्या घरात कपड्याशी तीन पिढ्यांचं नातं आहे. आजी कापूस वेचायला जायची. आबा हिंगणघाटच्या गिरणीत कामाला होते. आई घरी शिलाई करते. आणि मी फक्त घालते!

हिंगणघाट हे कापसाचं गाव. एकोणिसाव्या शतकात इथला कापूस गावाच्या नावानेच थेट इंग्लंडच्या बाजारात ओळखला जायचा. आजही हंगामात बाजार समितीबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि जिनिंगच्या आसपास हवेत रुईचे तंतू उडत असतात. अशा गावात वाढलं की कापडाकडे बघायची नजर आपोआप येते. आबांना तर नजरही लागायची नाही. कुठलंही कापड अंगठा आणि तर्जनीत धरायचे, हलकेच चोळायचे आणि सांगायचे, ‘याच्यात मिलावट हाय.’

कपडे कमी ठेवायचे असतील तर पहिलं शिकायचं ते हेच. ब्रँड नंतर, रंग नंतर, आधी कापड. कारण वीसच कपडे असले की एकेकाला आठवड्यातून एकदा-दोनदा अंगावर यावं लागतं आणि तितक्याच वेळा पाण्यात जावं लागतं. वर्षाला पन्नास-साठ धुलाया. त्यात टिकलं तर कापड.

आबांच्या बोटांची सर मला नाही, म्हणून मी घरगुती प्रयोग करते. शिवणीच्या आतले दोन-चार धागे काढायचे, चिमट्यात धरायचे आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा आणि मागे भुरभुरीत राख. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. रेयॉन मात्र चकवतं. तेही कागदासारखंच जळतं. त्यासाठी दुसरी युक्ती. धागा ओला करून ओढायचा. सुती धागा ओला झाला की आणखी मजबूत होतो, रेयॉन ओलं झालं की कमजोर पडतं. सेलमधली ती झुळझुळीत कुर्ती चार धुण्यांत लांबुडकी का होते, याचं रहस्य बऱ्याचदा इथे असतं.

रेयॉन वाईट असं नाही. कपाटात साठ कपडे असतील तर खुशाल घ्या. वीस असतील तर परवडत नाही.

बापूंच्या गावात ड्रेस कोड

वर्ध्यात राहायचं आणि कपड्यांवर लिहायचं म्हणजे सेवाग्रामला टाळून कसं चालेल? माझ्या खोलीपासून आश्रम सायकलच्या अंतरावर आहे.

गांधीजी १९३६ साली इथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. गावाचं नाव सेवाग्राम झालं ते १९४० मध्ये. तोपर्यंत त्यांचा वॉर्डरोब फायनल होऊन बरीच वर्षं झाली होती. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी अंगरखा-टोपी सोडून पंचा नेसायला सुरुवात केली. कारण साधं होतं. परदेशी कापड सोडा म्हणून सांगायचं, तर गरिबाला खादीचा पूर्ण पोशाख परवडत नव्हता. तेवढ्याच कपड्यांवर ते १९३१ मध्ये लंडनला गोलमेज परिषदेला गेले आणि बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजाच्या चहालाही जाऊन आले. एकच पोशाख मदुराईच्या सभेला चालला आणि राजवाड्यातही चालला. व्हर्सटाइल, व्हर्सटाइल म्हणतात ते आणखी काय असतं!

आणि सारखं गाव बदलण्याचं म्हणाल, तर तो रेकॉर्डही आमच्याच जिल्ह्याच्या नावावर असावा. विनोबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये धाम नदीकाठचं पवनार सोडलं ते एप्रिल १९६४ मध्ये परत आले. मधली सगळी वर्षं पायी, रोज नवं गाव. आपण पुण्याहून बंगळुरूला जाताना पॅकर्स अँड मूव्हर्सची तीन कोटेशन्स मागवतो.

पण ही मोठी माणसं झाली. मला पंचा नेसून सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगला बसता येत नाही. मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं ते सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केली आणि तिथल्या आचारसंहितेतच खादी आहे. देशभरातून येणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलंमुली, आल्या आल्या सगळ्यांना खादी! ऐकताना जाच वाटतो. पण कॅन्टीनबाहेर पाच मिनिटं उभं राहून बघा. कुणाचा कुर्ता जीन्सवर, कुणाचा शर्ट चौकटीचा, कुणाची ओढणी झक्कास इंडिगो. एक अट घातली की माणसं त्याच चौकटीत डोकं चालवतात आणि सकाळी उठून ‘आज काय घालू’ हा प्रश्न निम्मा संपलेला असतो. मीसुद्धा स्वतःला एकच अट घातली. नवीन कपडा घरातल्या किमान तीन कपड्यांवर जायला हवा. नाही जात? मग दुकानातच राहू दे बिचारा.

खादी कशी होते ते बघायचं असेल तर वर्ध्यात दोन जागा चुकवू नका. एक गोपुरीचं ग्रामसेवा मंडळ, १९३४ सालचं. दुसरं मगनवाडीतलं मगन संग्रहालय, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं. तिथे चरख्यांचे नाना प्रकार बघायला मिळतात आणि वनस्पतींपासून केलेल्या रंगांची खादीही. मी तिथून बाहेर पडताना एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली. सुताचा काउंट जितका जास्त, तितकं सूत बारीक. खादी म्हणजे जाडंभरडं, हा आपला गैरसमज आहे. बारीक काउंटची खादी हातात घेतली की मलमलची आठवण येते.

विसांचा हिशेब

तर आता माझी यादी. नाक मुरडायचं नाही!

चार कुर्ते. दोन गुडघ्यापर्यंतचे आणि दोन आखूड. तीन पूर्ण बाह्यांचे शर्ट. दोन टी-शर्ट. खाली घालायला पाच गोष्टी, म्हणजे निळी ट्राउझर, खाकी ट्राउझर, जीन्स, पांढरा सुती पायजमा आणि एक चुडीदार. दोन ओढण्या. एक जाकीट. एक स्वेटर. एक रेन जॅकेट. आणि एक साडी. करा बेरीज.

वरचे नऊ आणि खालचे पाच म्हणजे कागदावर पंचेचाळीस जोड्या. टी-शर्टवर चुडीदार कुणी घालत नाही, तेव्हा अशा दहाएक जोड्या कापा. तरी पस्तीस उरतात. महिन्यात ऑफिसचे दिवस बाविसच असतात, मंडळी.

गुपित रंगांत आहे. खालचं सगळं गप्प रंगाचं, म्हणजे निळं, खाकी, पांढरं. बोलायचं काम वरच्यांनी करायचं. माझे दोन कुर्ते इंडिगो आणि मातकट लाल आहेत, तिसरा हळदी, चौथा न रंगवलेला, नुसता कोऱ्या सुताचा. काळा एकही नाही. उन्हात काळं तापतं आणि सुती काळा रंग दहा धुण्यांत राखाडी होतो, मग तो ना ऑफिसचा राहतो ना घरचा.

जाकीट हा माझा हुकमाचा एक्का. बिनबाह्यांचं, करड्या रंगाचं, आतून अस्तर, चार खिसे. तेच टी-शर्टवर घातलं की फील्डवर रिपोर्टर, कुर्त्यावर घातलं की कॉन्फरन्स, शर्टवर घातलं की क्लायंट मीटिंग. ब्लेझरचं सगळं काम ते करतं आणि घाम मात्र ब्लेझरच्या निम्माच काढतं.

आणि साडी. ती माझ्या आईची आहे. सुती, बारीक काठाची. हैदराबादच्या एका ऑफिसात एकदा फंक्शन होतं. वीसच्या हिशेबात ब्लाउज बसत नव्हता, म्हणून मी ती साडी पांढऱ्या शर्टवर नेसून गेले. काय कौतुक झालं! ‘वॉव, फ्यूजन!’ तिघींनी फोटो काढले, एकीने विचारलं, कुठल्या डिझायनरचं?

मला हसू आवरेना. हे फ्यूजन आमच्या शेताशेतांत आहे हो! ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वर्ध्याहून कुठल्याही रस्त्याला लागा. कापसाच्या ओळींतून वेचणाऱ्या बाया दिसतील. अंगात साडी आणि साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. कधी नवऱ्याचा जुना, कधी पोराचा शाळेचा. ऊन लागत नाही, कापसाची बोंडं हाताला टोचत नाहीत, बाह्यांना घाम पुसता येतो आणि खिशात तंबाखूची डबी राहते. डोक्याला दुपट्टा. मी आजवर पाहिलेला सगळ्यात विचारपूर्वक केलेला वर्क वॉर्डरोब हाच. फक्त त्याचा फोटो कुणी मासिकात छापत नाही.

मुंबईत खादी वाळत नाही

आता थोडं कटू सत्य. सुतीचे गोडवे गाणारे लोक बहुधा जुलैत अंधेरीला राहिलेले नसतात.

वर्ध्याची हवा कोरडी. इथे सकाळी धुतलेला कुर्ता दुपारी कडक वाळून तयार. कोरड्या उकाड्यात सुती कपडा घाम शोषतो, तो वाऱ्यावर उडतो आणि अंगाला गारवा लागतो. म्हणूनच पूर्ण बाह्या इथे बिनबाह्यांपेक्षा थंड पडतात. हाच कुर्ता मुंबईच्या पावसाळ्यात नेला की दोन दिवस दोरीवर लोंबतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. पीजीत चौघींना मिळून एक दोरी असते, तिथे दोन दिवस ती अडवून ठेवणं म्हणजे रूममेटशी युद्ध!

म्हणून माझ्या दोन ट्राउझर्सपैकी निळी मिश्र धाग्याची आहे. रात्री धुतली, पंख्याखाली टाकली, सकाळी तयार. तीनपैकी एक शर्टही तसाच. शुद्धतेचा हट्ट आपण कपाटात धरू नये. शहर बदललं की तेच वीस कपडे वेगळ्या क्रमाने वापरायचे. वर्ध्यात जाड कुर्ते पुढे, मुंबईत बारीक काउंटचे आणि मिश्र धाग्याचे पुढे, पुण्या-हैदराबादच्या एसी ऑफिसात स्वेटर खुर्चीच्या पाठीवर कायमचा मुक्कामाला. (एसीचा रिमोट ज्याच्या हातात असतो तो माणूस नेहमी सूटमध्येच का असतो, हे मला अजून कळलेलं नाही.)

आणि शहर बदललं की कपड्यांचा अर्थही बदलतो, हे त्याहून मजेशीर. हाच माझा कोऱ्या सुताचा कुर्ता. पुण्यातल्या एका ऑफिसात पहिल्याच दिवशी बॉसने हसत विचारलं, ‘काय, मोर्च्याला जाऊन आलीस का?’ पुढचे तीन महिने तिथे मी ‘एनजीओ’ होते. तोच कुर्ता घालून सेवाग्राम रोडला चहा प्यायला उभी राहिले तर कुणी ढुंकून बघत नाही. त्याच कुर्त्यावर जाकीट चढवून हैदराबादला गेले तर ‘मॅडम’. आणि देवळी तालुक्यातल्या एका गावात एका आजींनी तो हातात धरून, अगदी आबांसारखा चोळून, विचारलं, ‘कितीले भेटला वं बाई?’

मी किंमत सांगितली. अठराशे. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी कुर्ता सोडला आणि पदर सारखा केला.

किलोभर कापूस

त्या गप्पपणाने मला हिशेब करायला लावला. तुम्हीही करून बघा.

एका कुर्त्याला अडीच मीटर कापड लागतं. मध्यम सुती कापड असेल तर त्याचं वजन पाव किलोच्या थोडं पुढे. शेतातून येतो तो कापूस सरकीसकट असतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की वजनाच्या साधारण एक तृतीयांशच रुई हाती लागते. सूतकताईत थोडी घट. म्हणजे माझ्या एका कुर्त्यासाठी शेतातला साधारण किलोभर कापूस लागला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे किलोला पंचाहत्तर.

अठराशेतले पंचाहत्तर. त्यातूनच बियाणं, खत, फवारणी आणि वेचणाऱ्या बाईची किलोवारी मजुरी.

हातमागावर, हातसुताने झालेल्या कुर्त्याच्या उरलेल्या पैशांतला बराच भाग निदान कातणाऱ्या-विणणाऱ्यांच्या हातात जातो, म्हणून मला अठराशे जड वाटत नाहीत. पण तीनशे रुपयांत दोन कुर्त्या, अशी पाटी लागते तेव्हा मला आता पहिला प्रश्न हाच पडतो की यातले कापसाचे किती, शिवणाऱ्या बाईचे किती? वेचलं कुणाच्या तरी आजीनेच असणार ना? माझी आजीही किलोवरच मजुरी घ्यायची.

कपडे कमी घेतले म्हणून शेतकऱ्याचा भाव वाढत नाही, एवढं अर्थशास्त्र मलाही कळतं. पण किलोभर कापूस डोळ्यासमोर आला की तो कपडा सहा महिन्यांत पोतेऱ्याला द्यायला हात धजत नाही. माझा इंडिगो कुर्ता पाच वर्षांचा आहे. कोपरावर रफू आहे. मीटिंगमध्ये कुणाला दिसलेला नाही अजून.

आईचा प्रश्न

हे सगळं तुम्हाला पटेलही. माझ्या आईला पटत नाही.

मी घरी गेले की ती आधी बॅग उघडते. ‘काऊन वं, मागच्या दिवाळीचाच कुर्ता? एवढ्याशा कपड्यात कशी राहतं तू? लोकं म्हणतील, पोरीले पगार भेटत नाही.’ मी तिला कॅप्सूल वॉर्डरोब समजावला. डोना कॅरनसुद्धा सांगून पाहिली. तिने शिलाई मशीन थांबवली आणि म्हणाली, ‘आमच्याजवळ दोन लुगडे होते. एक अंगावर अन् एक दोरीवर. त्याले कोनी फॅशन म्हनत नव्हतं, बाई.’

यावर काय बोलणार? तिच्या लहानपणी कमी कपडे ही निवड नव्हती, नाइलाज होता. ओलं लुगडं अंगावर वाळवत आजी शेतात गेल्याचं तिने पाहिलंय. मुलीचं कपाट भरलेलं असावं, हे तिचं स्वप्न होतं आणि त्यासाठी तिने वीस वर्षं गावाचे ब्लाउज शिवले. आता तीच मुलगी शिकून-सवरून येते आणि म्हणते, वीसच पुरे! तिच्या बाजूने बघितलं तर हा श्रीमंती चोचलाच आहे. आणि खरंच, थोडं आहेच. वाटेल तेव्हा एकविसावा घेता येतो, म्हणून तर मला विसांचं कौतुक.

पण मी तिला दुसरा एक आकडा दाखवला. बँकेचा. पुण्याची नोकरी सोडून फ्रीलान्स करायचं ठरवलं तेव्हा माझ्या खात्यात चार महिन्यांचं भाडं होतं. आमच्या क्षेत्रात चेक किती उशिरा येतात ते विचारू नका. पण ते चार महिने गाठीशी होते म्हणून मी एका ठिकाणी, जिथे पैसे न मागण्याची अपेक्षा होती तिथे, शांतपणे ‘नाही’ म्हणू शकले. आणि वर्ध्याच्या या कामाला तिसऱ्या दिवशी ‘हो’ म्हणू शकले. दर बदलीला नवं शहर, नवा लूक, नवी खरेदी, असं केलं असतं तर ते चार महिने कपाटात टांगलेले असते.

आईने पासबुक बघितलं. पटलं की नाही, माहीत नाही. एवढंच म्हणाली, ‘मंग शिवून तरी माझ्याकडून घेत जा. दुकानातल्यात माया नसते.’

शिवणाऱ्यांच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. रेडिमेडमध्ये ते जेमतेम असतं, बाजूने इंटरलॉक मारलं की संपलं. आई दोन्ही बाजूंना बोट-बोट, कधी दीड बोट माया ठेवते. ‘पोरगी आज हाय तशी उद्या राहत नाही,’ हे तिचं कारण. खरंच आहे. मुंबईत वडापावावर मी भरले, हैदराबादच्या डेंग्यूत उतरले, वर्ध्यात आईच्या डब्यावर पुन्हा भरते आहे. चार कुर्ते तेच आहेत. दरवेळी एक शिवण उसवायची किंवा एक घालायची.

निघण्यापूर्वी हे करा

- बॅग आधी, कपडे नंतर. बहुतेक स्वस्त विमानकंपन्या १५ किलो चेक-इनला देतात आणि ७ किलो हातात. बॅगेचंच वजन चार किलो असेल तर कपड्यांना काय उरलं?

- खादीचं कापड घेतलं तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिवायला टाका. पहिल्या पाण्यात ती आटते. शिवल्यावर आटली तर धाकट्या बहिणीची चंगळ!

- इंडिगो आणि गडद रंग पहिले तीन-चार वेळा वेगळे धुवा. थंड पाणी, उलटं करून सावलीत वाळवणं. गरम पाण्यात टाकलात तर अख्खी बादली निळी.

- इस्त्रीवाला नाही? भाताची पेज पातळ करून कुर्त्याला द्या, झटकून हँगरवर टाका. कडक उभा राहतो. पावसाळ्यात मात्र खळ नको, वास धरते.

- शिंप्याला तीन गोष्टी ठणकावून सांगा. खिसा हवा, दोन्ही बाजूंना माया हवी, उरलेल्या कापडाचा तुकडा परत हवा. रफूला लागतो.

- सुई, तीन रंगांचा दोरा, चार बटणं आणि एक सेफ्टी पिन. साबणाच्या डबीत मावतं.

- पादत्राणं तीन. चालायचे बूट, मीटिंगची सपाट सँडल, बाथरूमची स्लीपर. चौथा जोड घेतलात की दुसरी बॅग आलीच म्हणून समजा.

- नव्या शहरात पहिला महिना काहीही विकत घेऊ नका. तिथलं ऊन, पाऊस, ऑफिसचा एसी आणि माणसं कळू द्या. मग जे खरंच कमी पडेल ते एकच घ्या आणि एक कुणाला तरी देऊन टाका.

माझं वर्ध्याचं काम फेब्रुवारीत संपतंय. पुढे इंदूर असेल किंवा परत मुंबई, अजून ठरलेलं नाही. आईने परवा फोनवर विचारलं, तिकडे थंडी किती असते? मी म्हटलं, इंदूरला असते बऱ्यापैकी. ती म्हणाली, ‘मंग जाकिटाले बाह्या जोडून देऊ का?’

काढता-घालता येतील अशा, बटणांवरच्या. मापं मागच्या खेपेचीच आहेत तिच्याकडे. एकविसावा कपडा नाही झाला तो, विसांतलाच एक वाढला. बॅगेत मावतोय.